ब्रॅकेट आलं की

बोट कुठवर जाऊन आली, असं नानांना विचारायचं नसतं. आज किती अँपिअर आले, असं विचारायचं. पहिला प्रश्न विचारणाऱ्याला नाना सभ्यपणे चहा देतात आणि विषय बदलतात. दुसरा विचारणाऱ्याला चहाबरोबर चकलीही मिळते. मात्र मग अंधार पडेपर्यंत त्याची सुटका नसते, कारण अंधार पडेपर्यंत अँपिअर येतच असतात.

नाना मूळचे पाटण तालुक्यातले. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून विद्युत अभियंता झाले, अमेरिकेत आले, आणि मेरीलंडमधल्या एका वीज कंपनीत निवृत्त होईपर्यंत मेगावॉटच्या खाली बोलले नाहीत. निवृत्तीनंतर आमच्या मराठी मंडळातल्या माणसांचं काय होतं ते ठरलेलं आहे. कोणी गीतेच्या वर्गाला लागतो, कोणी फ्लोरिडात फ्लॅट घेतो, कोणी तबला शिकायला घेऊन शेजाऱ्यांना फ्लोरिडात पाठवतो. नानांनी तीस फुटी शिडाची बोट घेतली. जुनी, फायबरग्लासची, त्यांच्या थोरल्या मुलाहून वयानं मोठी. "अहो, पण तुम्हाला पोहायला कुठं येतं?" असं वहिनींनी विचारलं. नाना म्हणाले, "अगं, पोहायला येत नाही म्हणून तर बोट!"

बोटीचं नाव 'कोयना'. हे नाव नुसतं गावाच्या ओढीनं ठेवलेलं नाही. नानांचं लहानपण धरणाच्या बांधकामाच्या धुरळ्यात गेलं. १९६०च्या दशकात कोयनेची वीज डोक्यावरच्या तारांतून मुंबईकडे निघाली, आणि त्या तारांच्या बरोबर खाली बसून नाना कंदिलाची काच पुसत राहिले. तो हिशेब त्यांच्या मनातून कधी मिटला नाही. कोयना प्रकल्प आज १,९६० मेगावॉटचा. अ‍ॅनापोलिसच्या बॅक क्रीक नावाच्या खाडीतली कोयना दोनशे वॉटची, तीही ऊन असेल तर. पण ही सगळीच्या सगळी नानांची. हिच्यातला एक वॉटही मुंबईला जात नाही.

अ‍ॅनापोलिस हे गावच बोटींचं. १८४५ पासून तिथे अमेरिकी नौदलाची अकादमी आहे, आणि १९७० पासून दर ऑक्टोबरात शिडाच्या बोटींचं मोठं प्रदर्शन भरतं. लोक लाखो डॉलरच्या बोटींसमोर उभे राहून फोटो काढून घेतात. नाना त्या बोटींकडे मान वळवूनही बघत नाहीत. ते सरळ नटबोल्टांच्या तंबूत शिरतात. तिथेच त्यांना ते भेटलं. टेबलावर हातभर नळी, नळीला दोन पकडी, पकडींना बिजागरीसारखं लटकलेलं सोलर पॅनल, आणि त्याला खालून आधार देणारा, आतबाहेर सरकणारा दांडा. विक्रेत्यानं दांड्याची गुंडी सैल केली, पॅनल उचललं, गुंडी पिळली. पॅनल तिथेच तिरकं उभं राहिलं. मग नानांनी स्वतः करून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मागे रांग लागली. वहिनी मला नंतर म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा हे असे बघत नव्हते."

ज्यांचा बोटीशी संबंध गेटवे ते मांडवा एवढाच आहे त्यांना सांगायला हवं, की शिडाच्या छोट्या बोटीवर पॅनल ठेवायला जागा म्हणून नसते. मध्ये डोलकाठी, तिच्यातून मागे आलेली आडवी बूम, पुढे नांगर आणि त्याची साखळी, उरलेल्या जागेत माणसांचे पाय. मोकळा राहतो तो कडेचा कठडा. थोड्या थोड्या अंतरावर पोलादी खांब आणि त्यांतून ओवलेली तार. पॅनल या कठड्याच्या बाहेरच्या अंगाला टांगायचं. धक्क्याला लागताना खाली पाडून ठेवायचं, नांगर टाकला की उचलून उन्हाकडे करायचं. कल्पना सोपी आहे. अडचण एवढीच की तार लवते आणि पॅनल तिच्यावर डुगडुगतं, म्हणून वरची तार काढून तिथे इंचभर जाडीची स्टीलची नळी बसवावी लागते. या एका वाक्यात नानांचे दोन उन्हाळे गेले.

त्या दोन उन्हाळ्यांत 'कोयना' धक्क्यावरून हलली नाही. कोणी विचारलं, "नाना, कधी निघायचं?" की उत्तर तयार असे: "ब्रॅकेट आलं की." ब्रॅकेट यायचं. ते सात अष्टमांश इंची नळीचं निघायचं, आणि नानांची नळी एक इंची. परत जायचं. दुसरं यायचं. ते बरोबर बसायचं, पण त्याच्यातला स्क्रू ३०४ जातीच्या स्टेनलेसचा असायचा आणि नानांना खाऱ्या पाण्यासाठी ३१६ हवा असायचा. मग ३१६ यायचा आणि पाण्यात पडायचा.

बोटीवरच्या वस्तूंचा एक नियम आहे. हातातून सुटलेली वस्तू पाण्यातच पडते. बोटीत पडली तर ती आधी उसळी घेते आणि मग पाण्यात पडते. नानांचा पहिला नट पडला तेव्हा त्यांनी दोरीला लोहचुंबक बांधून तो खाडीत सोडला. तासभर गाळ ढवळल्यावर चुंबकाला एक गंजका पाना लागला, कोण्या अनोळखी माणसाचा. नट काही लागला नाही. नानांचा चेहरा मात्र खुलला. "अरे, लागणारच नाही! चांगलं ३१६ चुंबकाला चिकटत नाही. चिकटला असता तर दुकानदारानं फसवलं असं समजायचं." म्हणजे नट हरवला हीच त्याच्या अस्सलपणाची पावती. पुढे नानांनी पाच-सहा अस्सल नट अशाच रीतीनं पारखून घेतले.

मग गंजाचं प्रकरण निघालं. पॅनलची चौकट अ‍ॅल्युमिनियमची, स्क्रू स्टीलचा. या दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी शिरलं की तिथे एक बारीकशी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम हळूहळू पांढरी पूड होऊन झडतं. इतर बोटवाले हे कळल्यावर चौकटीची काळजी करतात. नानांना वेगळाच घोर लागला. "म्हणजे माझ्या बोटीवर वीज तयार होतेय आणि ती माझ्या मीटरमध्ये दिसत नाही?" त्या रात्री ते जेवले नाहीत म्हणतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनची चकती आणि दोन्ही धातूंच्या मध्ये चिकट मलम आलं, तेव्हा ही वीजचोरी थांबली.

त्यांच्या शेजारच्या जागेवर एक अमेरिकन म्हातारा बोटीवरच राहतो. दर नोव्हेंबरला बहामाजला जातो, वसंतात परत येतो. त्याच्याकडे एकच जुनाट पॅनल आहे, मागच्या कापडी छतावर दोरीनं बांधलेलं, सपाट. पुसायला एक पायमोजा. नानांनी त्याला एकदा विचारलं, "तुम्ही कोन कोणता ठेवता?" म्हाताऱ्यानं बोट वर केलं आणि म्हणाला, "आकाशाकडे." नाना आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. अशा बेफिकीर माणसाला बहामाज सापडतंच कसं, हा त्यांचा प्रामाणिक प्रश्न होता.

अखेर पॅनलं लागली. शंभर वॉटचं एक डावीकडे, एक उजवीकडे, प्रत्येकाला स्वतंत्र कंट्रोलर. एकावर सावली आली तर दुसऱ्याला तिची झळ लागू नये म्हणून. आणि इथून नानांचं खरं काम सुरू झालं, कारण आता कोन बदलता येऊ लागला.

नानांनी नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक पॅनलच्या कडेला चिकटवला आणि त्याला ओळंबा बांधला. ओळंबा जमिनीवर सरळ लोंबतो. बोटीवर तो सगळे कोन दाखवतो आणि त्यातला कुठला घ्यायचा ते माणसानं ठरवायचं असतं. नाना सरासरी काढत. सकाळी आठला पॅनल पूर्वेला उभं, मग दर वीस मिनिटांनी गुंडी सैल, एक बोट खाली, गुंडी घट्ट, आणि धावत जिना उतरून आत मीटर बघायचा. ०.१ अँपिअर वाढला असला की खालून जो हुंकार येई, तो पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जाई.

वहिनी निवृत्त गणित शिक्षिका आहेत. बऱ्याच दिवसांनी एकदा त्यांनी विणकामातून डोकं वर न काढता सांगितलं, "दहा अंश चुकला तर दीड टक्का जातो. कोसाइन दहा, शून्य पूर्णांक नऊशे पंचाऐंशी सहस्रांश. वीस अंश चुकलात तरी सहा टक्केच. तीस चुकलात तर तेरा. त्याच्या आत उठायची गरज नाही." हे शंभर टक्के खरं आहे. त्यातून अ‍ॅनापोलिस साधारण ३९ अंश अक्षांशावर. जूनमध्ये दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून ७४ अंशांवर चढतो, म्हणजे म्हाताऱ्याचं सपाट पॅनलही तेव्हा तीन-चार टक्क्यांहून जास्त गमावत नाही. कोन खरा महत्त्वाचा थंडीत, जेव्हा डिसेंबरअखेर सूर्य २८ अंशांच्या वर जात नाही. आणि थंडीत नानांची बोट पाण्याबाहेर काढून, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, यार्डात टेकूंवर उभी असते.

नाना हे सगळं ऐकून घेतात. मग म्हणतात, "दीड टक्का? दीड टक्का हल्ली बँक तरी देते का?" आणि उठून गुंडी सैल करतात.

सावलीच्या बाबतीत मात्र नाना बरोबर आहेत, आणि हे मी त्यांच्यासमोर कबूल करत नाही. पॅनलमधले घट एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. एखाद्या घटावर दाट सावली आली तर त्या ओळीतल्या सगळ्यांचा प्रवाह तिथे अडतो. आतले डायोड तो भाग वगळून बाकीचं काम चालू ठेवतात, तरी पॅनलचा मोठा हिस्सा बसतोच. म्हणजे कोन वीस अंश चुकल्यानं जे जात नाही ते एका दोरीच्या सावलीनं जातं. म्हणून नाना नांगरावर असताना बूम दोरीनं एका बाजूला ओढून ठेवतात, दुपारनंतर दुसऱ्या बाजूला. पाहुण्यांनाही उन्हाची बाजू सोडून बसायला लागतं. एकदा मंडळाचे अध्यक्ष टोपी घालून चुकीच्या जागी उभे राहिले, तेव्हा नाना आतून ओरडले, "साहेब, तुमचे दीड अँपिअर होतायत!"

पक्ष्यांवर मात्र नानांची सत्ता चालत नाही. चेसापीकच्या उपसागरात ऑस्प्रे नावाचा मासेखाऊ शिकारी पक्षी उदंड आहे. तो मासा पकडून डोलकाठीच्या टोकावर निवांत खातो आणि मग खाली आपलं मत नोंदवतो. १९१८ च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. नानांना तो कायदा पाठ आहे, त्यात पॅनलला संरक्षण कुठे आहे हे शोधताना पाठ झाला.

नांगरावर असताना नानांना पाहायला हवं. अ‍ॅनापोलिसच्या दक्षिणेला ऱ्होड नदीच्या मुखाशी नांगर टाकायला छान शांत जागा आहे. तिथे जाईपर्यंत नानांनी इंजिनच चालवलं, कारण शीड उभारलं की त्याची सावली पडते. नांगर टाकला, पॅनलं उचलली, कोन साधला. दहा अंशही चूक नाही. नाना हात पुसून मागे सरकले, आणि बोट फिरली.

घराच्या छपरावरचं पॅनल दक्षिणेकडे तोंड करून जन्मभर बसतं. नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करते, आणि वारा कोणाच्या ताब्यात नाही. वारा स्थिर असला तरी हलकी बोट नांगराच्या दोरावर डावी-उजवी झुलत राहते. नानांनी डावं पॅनल लावलं की सूर्य उजवीकडे. उजवं लावलं की डावीकडे. तासभर ते एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्याकडे जात राहिले. वहिनींनी थालीपीठ पुढे केलं, ते त्यांनी चालता चालता खाल्लं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. घाम होता, पण माणूस मजेत होता. ज्या दिवशी ते पॅनल योग्य कोनात कायमचं थांबेल, त्या दिवशी नानांना खरोखरच निवृत्त व्हावं लागेल. हे त्यांनाही ठाऊक असावं.

तरी इंजिनिअर तो इंजिनिअर. पुढच्या वेळी त्यांनी मागच्या तारेवर एक छोटं, ताठ शीड चढवलं. असं शीड खरोखरच असतं. ते वाऱ्यात मागून बोटीला धरून ठेवतं आणि झुलणं कमी होतं. ते पाहून शेजारच्या म्हाताऱ्यानं, जो योगायोगानं त्याच मुखाशी नांगरून होता, हात वर करून दाद दिली. नानांनी आजवर चढवलेलं हे एकमेव शीड. बोट जागची हलू नये म्हणून.

मराठी पाहुणा बोटीवर आला की नाना त्याला दिलीप दोंदे यांची हकीकत सांगतात. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. सांगताना नानांचे डोळे भरून येतात, आणि ते खोटं नसतं. मग ते जोशुआ स्लोकमवर येतात, १८९५ ते १८९८ या काळात एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. त्याच्यापाशी वेळ बघायला एक डॉलरचं पत्र्याचं घड्याळ होतं. "विचार कर," नाना म्हणतात, "एक अँपिअर नाही. एक!" पाहुण्याला वाटतं हे कौतुक चाललंय. ते कौतुक नसतं, हळहळ असते. स्लोकमला वेळेवर ब्रॅकेट मिळालं असतं तर तो कुठल्या कुठे गेला असता, असं काहीसं त्यांच्या मनात असतं. तो सगळीकडे जाऊन आला होता हे सांगून उपयोग नाही.

सिलिकॉनचा वापरण्याजोगा सौर घट बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे सहा टक्क्यांची वीज होत असे. नानांचा जन्मही १९५४चा. आज चांगलं पॅनल वीस टक्क्यांच्या वर गेलंय, असं ते अभिमानानं सांगतात. नाना किती टक्क्यांवर आहेत हे वहिनींना विचारलं तर त्या म्हणतात, "घरकामाचं विचारताय का?"

धक्क्यावर असताना खरं तर पॅनलची गरजच नसते. तिथे प्रत्येक बोटीला विजेची जोडणी असते, बॅटरी आपोआप भरलेली राहते. नानांना हे अपमानास्पद वाटतं. त्यांनी धक्क्याची वायर काढून गुंडाळून ठेवली आहे. बॅटरी भरलेली असेल तर पॅनलला काम राहत नाही, म्हणून ते रिकामा फ्रिज चालू ठेवतात. मीटर ब्लूटूथवर दिसतो, पण ब्लूटूथ घरापर्यंत पोहोचत नाही. म्हणून नाना रोज पाऊण तास गाडी चालवून बोटीवर जातात, आकडा बघतात, आणि पाऊण तास गाडी चालवून घरी येतात. या प्रवासाला लागणाऱ्या पेट्रोलात किती ऊर्जा असते, हा प्रश्न वहिनींनी राखून ठेवला आहे.

आणि मग जुलैत, नांगरावर असताना, ते घडलं. आकाश निरभ्र, वारा नाही, नानांचे कोन जुळलेले. उन्हाळ्यात त्या दोन पॅनलांतून दिवसाला साठेक अँपिअर-तास मिळतात आणि फ्रिज त्यातले चाळीस-पन्नास खातो. पण त्या दिवशी आम्ही बर्फ नेला होता, फ्रिज बंद होता. दुपारी एकच्या सुमारास मीटरवरचा आकडा दहावरून अर्ध्या अँपिअरवर आला. नाना खाली धावले. वायरी तपासल्या, फ्यूज तपासला, वर येऊन ऑस्प्रे शोधला. सगळं ठीक होतं. बॅटरी भरली होती. भरल्यावर कंट्रोलर बाकीचा प्रवाह घेत नाही. पॅनल उन्हात नुसतं बसून राहतं.

नाना कठड्याला धरून उभे राहिले. "ऊन वाया चाललंय," ते म्हणाले.

पुढचे दोन तास आम्ही ऊन वाचवलं. सगळ्यांचे फोन चार्जिंगला लागले, भरलेलेसुद्धा. भर दुपारी डोलकाठीवरचा नांगरदिवा लागला. पंखे चालू, फ्रिज चालू आणि सर्वांत थंडवर, इतका की वहिनींनी आत ठेवलेलं श्रीखंड दगड झालं. तरी मीटर पुन्हा दहावर जाईना. शेवटी वहिनींनी इन्व्हर्टरवर मिक्सर लावला आणि कोथिंबिरीची चटणी वाटायला घेतली. प्रवाह अकरावर गेला. नाना टाळ्या वाजवत म्हणाले, "थांबू नकोस!" वहिनी थांबल्या नाहीत. कोथिंबीर संपली, मग पुदिना, मग शेंगदाणे. मग नानांनी केळी पुढे केली. त्या संध्याकाळी आम्ही चार माणसं आणि डबाभर चटणी असे परत आलो. वाटेत शेजारच्या म्हाताऱ्याच्या बोटीला टेकून नानांनी त्याचा फोन चार्ज करून देऊ का विचारलं. त्याच्याकडे फोन नव्हता. त्याला चटणी दिली.

पुढच्याच आठवड्यात नानांनी दुसरी बॅटरी आणली, जास्तीचं ऊन साठवायला. ती मोठी निघाली. दोन पॅनलांनी दोन बॅटऱ्या भरेनात, आणि रोज मीटरवर ८७ टक्के बघून नाना कोमेजू लागले. तेव्हा उपाय एकच राहिला: तिसरं पॅनल.

"ते लावणार कुठे?" वहिनी म्हणाल्या. "दोन्हीकडचा कठडा संपला."

नाना धक्क्यावर उभे राहून पलीकडे बघत होते. म्हातारा आपल्या छतावरचं पॅनल पायमोज्यानं पुसत होता.

"त्याचा दक्षिणेकडचा कठडा," नाना हळूच म्हणाले, "वर्षानुवर्षं रिकामा आहे. आणि एक इंची आहे. मी मोजलाय."